जोडीदारासाठी पहिला फ्लाय रॉड निवडताना

लग्नाच्या बाराव्या वाढदिवसाला नवऱ्याने माझ्या हातात एक लांबट नळी ठेवली. आत चार तुकड्यांत सुटा केलेला नऊ फुटांचा फ्लाय रॉड होता, म्हणजे पिसांची नकली माशी फेकून मासे धरायची काठी. आठ नंबरचा, ताठ, खाडीतल्या मोठ्या माशांसाठी बनवलेला. त्याला कित्येक वर्षं जिताडा धरायचा होता, आणि तो धरताना मी शेजारी असावं असं वाटत होतं. हेतू गोड, रॉड चुकीचा. पुढच्याच रविवारी पेणच्या पलीकडे एका जिताड्याच्या तळ्यावर गेलो. दुपारी खाडीवरून वारा सुटला. अर्ध्या तासात माझं कोपर भरून आलं, लाइन, म्हणजे रॉडची जाड दोरी, पायांत गुंडाळली गेली आणि शेवटच्या प्रयत्नात गळ त्याच्या टोपीत जाऊन रुतला. परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. नळी सात महिने कपाटावर पडून होती.

मग एका तळ्यावर ओळखीच्या काकांनी स्वतःचा सहा नंबरचा जुना, मऊसर रॉड माझ्या हातात दिला. "जरा हा धरून बघ गं." वीस मिनिटांत लाइन सरळ पडायला लागली. मी तीच होते, हात तोच होता. फक्त रॉड वेगळा होता, आणि शेजारी नवरा नव्हता.

त्यानंतर माझा रॉड मी निवडला, आणि ओळखीतल्या काही जोडप्यांनाही निवडायला मदत केली. खाली 'ती' असं लिहिलंय, कारण मला विचारणारे बहुतेक नवरेच असतात. नवऱ्यासाठी रॉड घेणाऱ्या बायकांनी 'तो' असं वाचावं.

आधी पाणी ठरवा

दुकान, ब्रँड, किंमत हे सगळं बाजूला ठेवा आणि एका कागदावर लिहा: तिच्या पहिल्या दहा खेपा कुठे होणार आहेत? तुमच्या स्वप्नातल्या नव्हे, खरोखर होतील त्या. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला महिन्यातून एखादा रविवार मिळतो, त्यामुळे हा कागद चटकन भरतो.

आपल्या आसपास काय आहे ते बघा. पवई तलाव १८९१ च्या सुमाराचा, शहराच्या पोटात. तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन जुनी आहे, आणि परवानगीची चौकशी केल्याशिवाय गळ टाकायचा नाही. पाण्यात मगरी आहेत, जलपर्णीही भरपूर. त्यामुळे काठावर उकिडवं बसून हात धुण्याची जागा ती नव्हे. विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव, राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतले. ते विसराच. कर्जत, पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यात पैसे भरून मासे गरवायला देणारी खासगी तळी आहेत. नवशिक्यासाठी मला हीच सगळ्यात बरी वाटतात: काठ मोकळा, सावली, स्वच्छतागृह, चहा. हसू नका, तिची दुसरी खेप होणार की नाही हे बऱ्याचदा स्वच्छतागृहावर ठरतं. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिथे त्यांना विचारून, त्यांची जाळी सांभाळूनच उभं राहायचं.

या पाण्यांत माशीला, म्हणजे फ्लायला, तोंड लावणारे मासे मोजके. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा नवशिक्याचा खरा मित्र. झुंडीने असतो, बारीक माशी घेतो आणि आकाराच्या मानाने चांगला झुंजतो. मरळ गवतातून बेडकासारख्या तरंगत्या माशीवर तुटून पडते, पण तिचे दात आणि तिथलं शेवाळ दोन्ही सांभाळावे लागतात. रोहू-कटला माशीकडे क्वचितच वळतात, त्यांच्या भरवशावर पहिली खेप आखू नका. जिताडा आणि तांबोशी ही पुढची इयत्ता. महासीरचं नाव निघालं की सगळ्यांचे डोळे चमकतात. लोणावळ्याला वळवणच्या पाण्याजवळ टाटा पॉवरचं महासीर संवर्धन केंद्र १९७० च्या दशकापासून चालू आहे, पण ते बीज तयार करून नद्या-जलाशयांत सोडण्याचं काम आहे, आपल्या गळासाठी मांडलेलं ताट नव्हे.

दुसरी शक्यता सुट्टीची. हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ब्राउन ट्राउट आहे, मुन्नारच्या डोंगरात रेनबो ट्राउट. दोन्ही इंग्रजांच्या काळात रुजवलेले, थंड पाण्याचे. हिमाचलात मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची बंदी असते. दिवाळीच्या सुट्टीत तिकिटं काढण्याआधी हे बघा.

कागदावर दहापैकी सात खेपा तळ्याच्या असतील तर रॉड तळ्याचा. सात तीर्थनच्या असतील तर रॉड ट्राउटचा. माझ्या नवऱ्याच्या मनातल्या कागदावर दहाही जिताड्याच्या होत्या. माझ्या कागदावर काय आहे, हे त्याने विचारलंच नव्हतं.

नंबर म्हणजे काय

रॉडवर '५', '६', '८' असा आकडा असतो. तो माशाचं वजन सांगत नाही, रॉडची ताकदही नव्हे. तो लाइनचा नंबर आहे.

गोफण आठवा. तिथे दगडाला वजन असतं, म्हणून दगड लांब जातो. साध्या स्पिनिंग रॉडचंही तसंच: शिसं किंवा आमिष जड असतं आणि ते आपल्यामागे दोरी ओढत नेतं. फ्लाय रॉडमध्ये उलटा कारभार. माशी म्हणजे गळावर बांधलेली पिसं आणि धागा, तिला वजन जवळपास नाहीच. मग लाइनच जाड आणि जड बनवतात. रॉड लाइनला फेकतो, लाइन माशीला नेते. म्हणून लाइनचं वजन ठरलेलं असावं लागतं. लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन पाच नंबरला १४० ग्रेन, सहाला १६० आणि आठला २१० ग्रेन धरतात. ग्रॅममध्ये सांगायचं तर साधारण ९, साडेदहा आणि साडेतेरा. आकडे किरकोळ वाटतात, पण सकाळभरात पाचशे वेळा हेच वजन मागे-पुढे झुलवायचं असतं. शिवाय आठ नंबरचा रॉड जाड, त्याचं रील जड. माझं कोपर त्या दिवशी उगाच भरून आलं नव्हतं.

माझं मत स्पष्ट आहे. मुंबईत राहणाऱ्या आणि तळ्यावर शिकणाऱ्या माणसासाठी पहिला रॉड सहा नंबरचा. पुस्तकी सल्ला पाच नंबरचा असतो आणि तो चूक नाही, पण तो बहुधा थंड प्रदेशातल्या ट्राउटच्या नद्या डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. आपल्याकडे सकाळी दहानंतर वारा उठतो, आणि मरळीसाठीची फुगीर माशी पाच नंबरच्या लाइनला जड जाते. सहा नंबर चिलापीला थोडा जास्त, मरळीला थोडा कमी, आणि तीर्थनला नेला तर चालून जातो. पाच नंबर घ्या, जर खरोखर ट्राउटसाठीच शिकायचं असेल. आठ नंबर पहिला म्हणून घेऊच नका. तीन-चार नंबरचे नाजूक रॉड हातात घेतल्यावर मोहात पाडतात, पण वाऱ्यात नवशिक्याला रडवतात.

लांबी आणि तुकडे

नऊ फूट. इथे डोकं खाजवू नका. "उंचीने लहान आहे, मग आठ फुटी घेऊ का?" असं विचारतात. नको. उंची कमी असेल तर लांब रॉड लाइनला पाण्यावर आणि मागच्या झुडपांवर उचलून धरायला उलट मदत करतो.

तुकडे चार असावेत. नळी साधारण ७५ ते ८० सेंटीमीटरची होते. लोकलमध्ये ती उभी धरता येते. पहाटेच्या लेडीज डब्यात मला आजवर "योगा मॅट आहे का?", "नकाशे का?" आणि एकदा "बासरी?" असं विचारलं गेलंय. विमानाच्या केबिन बॅगेची लांबी मात्र साधारण ५५ सेंटीमीटरपर्यंतच चालते, तेव्हा ही नळी आणि गळांचा डबा चेक-इनमध्ये जाईल असं धरून चला. विमानाच्या फेऱ्या खूप असतील तर सहा-सात तुकड्यांचे रॉडही मिळतात, सुटकेसमध्ये मावणारे.

एक गंभीर गोष्ट. हे रॉड कार्बन फायबरचे असतात आणि कार्बन वीज वाहून नेतो. मुंबईच्या लोकलची वरची तार २५,००० व्होल्टची आहे. स्टेशनवर, पुलावर, रुळांच्या जवळ रॉड जोडायचा नाही, "बघू तरी कसा दिसतो" म्हणूनही नाही. तळ्याकाठी विजेच्या तारा कुठून जातात ते आधी बघा, आणि ढग गडगडले की रॉड खाली ठेवून लांब व्हा.

घरातला शत्रू वेगळा: पंखा. नऊ फुटांचा रॉड दहा बाय बाराच्या खोलीत जोडून उभा केला की टोक थेट पात्यांत जातं. आमच्या आठ नंबरचं टोक तसंच गेलं. मी मुद्दाम केलं असा नवऱ्याचा अजून संशय आहे.

मऊ की ताठ

रॉड किती आणि कुठून वाकतो त्याला ॲक्शन म्हणतात. फास्ट रॉड फक्त टोकाकडे वाकतो, ताठ असतो, आणि ज्याचा हात बसलाय त्याला लांब टप्पा देतो. स्लो रॉड मुठीपर्यंत वाकतो. मधला तो मिडियम किंवा मिडियम-फास्ट.

नवशिक्याला मिडियम किंवा मिडियम-फास्टच द्या. मागे गेलेली लाइन हवेत सरळ झाली की रॉडवर तिचा ओढा येतो आणि रॉड वाकतो. तो क्षण हाताला कळला की पुढची हालचाल कधी सुरू करायची तेही कळतं. मऊ रॉड हा ओढा स्पष्ट सांगतो. फास्ट रॉड तो पुटपुटतो, आणि नवशिक्याला ऐकूच येत नाही. मग ती ताकद लावते, आणि ताकद लावली की सगळं बिघडतं.

ताकदीबद्दल एक नाव सांगायलाच हवं. जोन वुल्फ या अमेरिकन बाईंनी १९५१ साली लांब कास्टिंगची, म्हणजे लाइन लांब फेकण्याची, एक स्पर्धा सगळ्या पुरुष स्पर्धकांना मागे टाकून जिंकली, आणि १९६० मध्ये १६१ फुटांचा टप्पा गाठला. दंडाच्या जोरावर हे होत नाही. लाइनला मागे सरळ व्हायला वेळ देणं आणि नेमक्या जागी हात थांबवणं, एवढ्यावर सगळं आहे.

फायबरग्लासचे रॉड आणखी मऊ असतात, पंख्याचा किंवा गाडीच्या दाराचा मारही थोडा जास्त सोसतात. पण नऊ फुटी सहा नंबरचा ग्लास रॉड हाताला जड वाटतो. बांबूचे फ्लाय रॉड सुंदर असतात. पाहुण्यांना दाखवायला.

मूठ: जिथे बहुतेक लोक चुकतात

नवरे लोक कार्बनच्या प्रतीबद्दल तासभर बोलतील, पण तिच्या हाताचा पंजा केवढा आहे हे बघणार नाहीत. तिचा संबंध रॉडच्या ज्या भागाशी दिवसभर येणार तो म्हणजे बुचाची मूठ.

तिला रॉड धरू द्या, अंगठा मुठीच्या वर, रॉडच्या दिशेने. बाकीची बोटं सहज वळली की टोकं तळहाताच्या उशीला हलकी टेकली पाहिजेत. बोटं आणि तळहात यांत फट राहत असेल तर मूठ जाड आहे. ती घट्ट आवळून धरेल आणि तासाभरात हात दुखेल. बोटं तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. पाच-सहा नंबरच्या रॉडला बहुधा दोन्ही टोकांना निमुळती होणारी सिगार किंवा एकाच टोकाला किंचित फुगीर असलेली हाफ वेल्स मूठ येते. आठ नंबरला दोन्ही टोकांना फुगलेली फुल वेल्स. लहान पंजाला पहिल्या दोन बऱ्या. आणि मूठ थोडीच जाड असेल तर रॉड नाकारायची गरज नाही: बूच हे लाकडाचंच भावंड, बारीक पॉलिश पेपरने ते हळूहळू उतरवता येतं. आधी चार खेपा वापरा, मग घासा. घासलेलं बूच परत भरत नाही.

'लेडीज रॉड' नावाचा प्रकार दिसेल. मूठ खरंच बारीक केली असेल तर जरूर बघा. पण नुसता गुलाबी रंग देऊन नेहमीचाच रॉड विकत असतील तर रंगाचे पैसे वाचवा. तिला गुलाबी आवडतो का, तेही विचारून घ्या.

तोल बघायचा तर रील बसवून, लाइन भरून बघा. मुठीच्या पुढच्या टोकाखाली एक बोट ठेवून रॉड आडवा तोला. तो साधारण तिथेच तोलला जात असेल तर उत्तम. टोक खाली झुकत असेल तर मनगट दिवसभर ते उचलत राहील. जाहिरातीतल्या ग्रॅमपेक्षा हे महत्त्वाचं.

रील

तळ्यासाठी रील म्हणजे लाइन ठेवायची फिरकी. साधा डिस्क ड्रॅग, म्हणजे पळत्या माशाला आवरणारा ब्रेक, मोठ्या व्यासाचा गाभा म्हणजे लार्ज आर्बर, आणि हलकं असावं, बस. खाडीवर नेणार असाल तर गंज न धरणारं. ती उजव्या हाताने टाकत असेल तर हँडल डाव्या हाताला लावून घ्या, नाहीतर मासा लागल्यावर हात बदलण्याच्या गडबडीत तो जातो. लाइनच्या मागे वीस पौंडी डेक्रॉनचं बॅकिंग, म्हणजे बारीक राखीव दोरी, पन्नास ते शंभर यार्ड भरलं की पुरतं.

लाइनवर पैसे वाचवू नका

रॉड, रील आणि लाइन एकत्र बांधून मिळणारे संच सोयीचे असतात. त्यातली लाइन मात्र बऱ्याचदा सगळ्यात कच्ची. दोन रॉडमधला फरक नवशिक्याला कळणार नाही. दोन लाइनींमधला पहिल्या तासात कळतो.

घ्यायची ती तरंगणारी, पुढे जाड असलेली. डब्यावर 'डब्ल्यूएफ-६-एफ' असं लिहिलेलं असतं: वजन पुढे, नंबर सहा, तरंगती. ठळक रंगाची घ्या, नारिंगी किंवा पोपटी. मागे गेलेली लाइन तिला वळून दिसली पाहिजे.

आता मुंबईची खास अडचण. ट्राउटसाठी बनवलेल्या लाइनचं आवरण थंड पाण्यात मऊ राहावं असं केलेलं असतं. तीच लाइन मे महिन्यात कर्जतच्या तळ्यावर नेली की शिजलेल्या शेवयांसारखी लोळते. रॉडच्या कड्यांना चिकटते, सुटत नाही, आणि शिकणारी बिचारी समजते की आपलंच चुकतंय. उष्ण हवेसाठी ट्रॉपिकल लाइन वेगळी येते. गाभा आणि आवरण ताठ, उन्हात नीट चालणारी. ती घ्या. उलट ही ट्रॉपिकल लाइन तीर्थनच्या बर्फाळ पाण्यात स्प्रिंगसारखी वळ्या धरून बसते. दोन्हीकडे जाणार असाल तर रीलची एक जादा फिरकी घ्या आणि त्यावर साधी लाइन भरा. दुसरा रॉड घेण्यापेक्षा ही खरेदी शहाणपणाची.

लाइनच्या पुढे लीडर: निमुळती होत जाणारी पारदर्शक दोरी. नऊ फुटी हा रिवाज आहे, पण शिकताना साडेसात फुटी घ्या, सरळ पडायला सोपी जाते. टोकाची जाडी 'एक्स'मध्ये सांगतात. अकरातून एक्सचा आकडा वजा करायचा, उरेल ते इंचाचे हजारावे भाग. म्हणजे ३एक्स म्हणजे ०.००८ इंच. चिलापीला ३एक्स, तीर्थनच्या ट्राउटला ४एक्स-५एक्स, मरळीला चक्क जाड नायलॉन. माश्या सुरुवातीला अर्धा डझन पुरेत: तीन बारीक बुडत्या, दोन वुली बगर म्हणजे पिसांच्या शेपटीच्या बुडत्या माश्या, एक तरंगता, पाणी उडवणारा पॉपर. सगळ्या गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाका. काटा दाबलेला गळ माशाच्या तोंडातून सहज निघतो, आणि नवऱ्याच्या टोपीतूनही.

विकत घेण्याआधी

मुंबईत गळाच्या सामानाची दुकानं आहेत, पण तिथला बहुतेक माल स्पिनिंगचा. फ्लाय रॉड बऱ्याचदा ऑनलाइन किंवा परदेशातून येणाऱ्या कुणाच्या बॅगेतून येतो. त्यामुळे दुकानात रॉड हलवून "वा, हलका आहे" म्हणायची संधी मिळत नाही, आणि मिळाली तरी उपयोग नाही. लाइन न भरता हलवलेला रॉड काहीच सांगत नाही.

म्हणून मागून आणा. तळ्यावर फ्लायवाला दिसला की जाऊन बोला. ही माणसं रॉड दाखवायला आसुसलेली असतात. एक पाच, एक सहा, एक ताठ, एक मऊ असे दोन-तीन तरी तिच्या हातून जाऊ द्या. नवऱ्याने लांब उभं राहायचं. चेहरा बघायचा, सूचना द्यायच्या नाहीत. जो रॉड हातात असताना ती "किती वाजले?" विचारणार नाही, तो तिचा.

ऑर्व्हिस, रेडिंग्टन, इको, टेम्पल फोर्क या कंपन्यांचे सुरुवातीच्या श्रेणीतले रॉड चांगले असतात, मॅक्सकॅचसारखे स्वस्त चिनी संचही शिकायला चालतात. घेताना दोन गोष्टी विचारा: मोडलेलं टोक सुटं मिळतं का, आणि ते भारतात मागवायला कुरिअर व कस्टम धरून किती पडेल. आजन्म वॉरंटी ऐकायला छान. पण रॉडचा तुकडा समुद्रापार पाठवायचा खर्च कधी कधी स्वस्त रॉडच्या किमतीला टेकतो.

पैशांची वाटणी मी अशी करते: ठरलेल्या रकमेतला निम्म्याहून थोडा कमी रॉडला, लाइनला रीलपेक्षा जास्त, आणि थोडे पैसे चष्मा-टोपीसाठी राखून. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी पहिल्या दिवसापासून, दोघांच्याही.

पहिले चार आठवडे

रॉड आला की थेट तळ्यावर जाऊ नका. गळाच्या जागी लाल लोकरीचा इंचभर तुकडा बांधा आणि मैदानावर जा. पुढे तीस फूट, मागे चाळीस फूट मोकळे हवेत, म्हणजे पहाटे सहाच्या आधी. शिवाजी पार्कला आम्ही जायचो. तिथली लाल माती लाइनला पॉलिश पेपरसारखी घासते, त्यामुळे पावसानंतर गवत असेल तो कोपरा धरा, आणि घरी आल्यावर लाइन ओल्या फडक्याने पुसा. कुत्र्यांना लोकर फार आवडते. फेरी मारणारे आजोबा थांबून विचारतात, "इथे पाणी कुठाय?" उत्तर तयार ठेवा. सोसायटीच्या गच्चीचा विचार सोडा: टाकीचे पाइप, केबलच्या वायरी आणि सेक्रेटरी.

रोज पंधरा मिनिटं, रविवारी दोन तास नव्हे. शिकवायचं एकच: थांबणं. अंगणात सडा घालताना तांब्यातलं पाणी हाताने शिंपडतो तेव्हा हात पुढे जातो आणि झटकन थांबतो, तेव्हाच पाणी सुटून पसरतं. रॉडचं तेच. मागे नेऊन थांबव, लाइन सरळ होईपर्यंत वाट बघ, मग पुढे नेऊन थांबव. मागे आसुडासारखा कडाका ऐकू आला तर वाट कमी पाहिली, आणि लोकर तुटून गेलेली असेल. मान वळवून मागे बघायला लाज नको.

आणि शिकवणारा शक्यतो तुम्ही नसावं. गाडी शिकवताना काय झालं होतं ते आठवा. ओळखीचा दुसरा कुणी गरवणारा गाठा, त्याच्या हाती पहिले दोन तास सोपवा आणि तुम्ही चहा आणायला जा. माझ्या नवऱ्याने सांगितलेलं "मनगट मोडू नकोस" मला टोचायचं. काकांनी तेच सांगितलं आणि मी मनगट सरळ धरलं.

चुकीचा रॉड आधीच घेतला असेल तर

ताठ रॉड घरात येऊन पडला असेल तर विकायच्या आधी एक करून बघा: त्यावर एक नंबर जड लाइन चढवा. सहाच्या रॉडवर सातची. जड लाइनमुळे ताठ रॉड जवळच्या टप्प्यातही वाकतो आणि हाताला ओढा कळतो. तुमचा स्वतःचा जुना मऊ रॉड असेल तर तो तिला द्या आणि हा ताठ तुम्ही ठेवा. आमच्या घरात शेवटी हेच झालं. आठ नंबरला नवं टोक आलं आणि तो मालकाकडे परत गेला.

पावसाळा

मुंबईत रॉड वापरून जितके मोडतात त्याहून जास्त ठेवून खराब होतात. जून ते सप्टेंबर हवाच ओली. ओला रॉड नळीत बंद केला की बुचावर बुरशी येते आणि रंगाखाली फोड धरतात. खाडीवरून आलात की रॉड, रील, कड्या गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, रात्रभर कापडी पिशवीत पंख्याखाली ठेवा. सुटे तुकडे, खाली. मग नळीत. पावसात महिनाभर नळी उघडली नाही असं होऊ देऊ नका.

दमट हवेत तुकड्यांचे सांधे अडकून बसतात. पिळायचं नाही, पक्कड लावायची नाही, एकट्याने गुडघ्यात धरून ओढायचं नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. प्रत्येकाने एक हात सांध्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे धरायचा, आणि तीन म्हटल्यावर सरळ रेषेत ओढायचं. टक्क आवाज येतो आणि रॉड सुटतो.